बिअरची चव ठरते कुठे?

१९८८ च्या जानेवारीत नायजेरियाच्या सरकारने बार्लीच्या माल्टची आयात बंद केली. परकीय चलन वाचवायचं होतं. बार्ली तिथल्या उष्ण हवेत नीट पिकत नाही आणि देशातले बिअरचे मोठे कारखाने तर तिच्यावरच चालत होते. त्यांनी ज्वारीकडे मोर्चा वळवला. आपल्याकडे जिची भाकरी होते, तीच ज्वारी. काम सोपं नव्हतं. बार्लीच्या दाण्याला टरफल असतं आणि दळलेलं धान्य पाण्यात शिजवून गाळताना हे टरफलच चाळणीसारखं उपयोगी पडतं. ज्वारीला ते नाही. पिठाची साखर करणारी एन्झाइम्सही तिच्यात कमी. कारखान्यांनी एन्झाइम्स बाहेरून घातली, यंत्रं बदलली आणि बिअर जमवली. पुढे आयातबंदी उठली, पण ज्वारी राहिली. आज लागोसमध्ये मिळणाऱ्या गिनेसमध्ये, म्हणजे मूळच्या आयरिश काळ्या बिअरमध्ये, ज्वारी असते, तिच्यात अल्कोहोल ७.५ टक्के असतं आणि डब्लिनच्या पबमधल्या ४.२ टक्क्यांच्या मऊ, फेसाळ गिनेसशी तिचं नातं जवळपास नावापुरतंच उरतं. लागोसच्या माणसाला मात्र तीच खरी गिनेस वाटते.

बिअरचे प्रकार समजून घ्यायला या गोष्टीइतकी चांगली सुरुवात नाही. पिल्सनर, स्टाउट, आयपीए, विटबिअर ही नावं मेन्यूवर एकाखाली एक वाचताना वाटतं, की कुणा कुशल कारागिराला वेगवेगळ्या चवी सुचल्या असतील. पण जवळपास प्रत्येक प्रकाराच्या मुळाशी गावातल्या विहिरीचं पाणी, एखादा कर, एखादा हुकूम किंवा एखादं नवं यंत्र सापडतं. कारागिराने आपलं कसब दाखवलं ते त्या चौकटीत राहून.

आधी कृती पाहू, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

बार्ली भिजवून तिला मोड आणतात. मोड आले, की दाण्यातल्या पिठाची साखर करणारी एन्झाइम्स जागी होतात. तेवढ्यात ती भट्टीत वाळवून मोड थांबवतात. हा झाला माल्ट. हलकं वाळवलं तर माल्ट फिका राहतो आणि बिस्किटासारखा लागतो. जास्त तापवलं तर तांबूस होतो, त्याला खरपूस गोडी येते. पार भाजला तर काळा होतो आणि कॉफीसारखा कडवट लागतो. हा माल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला, की पिठाची साखर होते आणि गोड पाणी तयार होतं. ते गाळून हॉप्स घालून उकळतात. हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या हिरव्या बोंडांमध्ये राळ आणि सुगंधी तेलं असतात. राळ उकळली, की कडवटपणा येतो आणि बिअर टिकायला मदत होते. सुगंधी तेलं उकळताना उडून जातात, म्हणून वास हवा असेल तर हॉप्स शेवटी किंवा बिअर थंड झाल्यावर घालतात. मग गोड पाणी निववून त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड व असंख्य बारीकसारीक वास तयार करतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. काळी बिअर म्हणजे कडक बिअर, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. रंग येतो भाजण्यातून आणि अल्कोहोल येतं साखरेच्या प्रमाणातून, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. ४.२ टक्क्यांची गिनेस काळीकुट्ट दिसते, तर बेल्जियममधल्या सोनेरी, पारदर्शक दिसणाऱ्या काही बिअर ८ टक्क्यांच्या वर असतात.

जगातल्या बिअरचे दोन मोठे गट पडतात ते यीस्टवरून. एल यीस्ट १५ ते २४ अंशांच्या आसपास भराभर काम करतं आणि फळांसारखे, मसाल्यासारखे वास मागे ठेवतं. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, ते दोन्ही वास यीस्टचेच. लागर यीस्ट ७ ते १३ अंशांत संथपणे काम करतं, बिअर पुढे कित्येक आठवडे थंडीत मुरते आणि चव स्वच्छ राहते. लागर यीस्ट हा दोन जातींचा संकर आहे. त्यातली एक एल बनवणारीच, पण दुसरी कोणती हे बरीच वर्षं कोडं होतं. २०११ मध्ये ती दुसरी जात दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियाच्या जंगलात, बीच झाडांवरच्या गाठींमध्ये सापडली. पुढे तिबेट आणि आयर्लंडमध्येही तिचा माग लागला.

यीस्टची एक हकिगत मला फार प्रिय आहे. पश्चिम नॉर्वेच्या खेड्यांमध्ये घराघरात बिअर बनायची आणि तिचं यीस्ट लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून पुढच्या खेपेसाठी राखून ठेवलं जायचं. आपल्याकडे विरजण जसं घरचं असतं आणि बिघडलं तर शेजारणीकडून आणतात, अगदी तसंच. तिथले लोक त्याला क्वाइक म्हणतात. प्रयोगशाळांनी ते तपासलं तेव्हा हे यीस्ट ३५ ते ४० अंशांतही उत्तम काम करतं आणि बिअरला दोष येऊ देत नाही, असं दिसलं. एल यीस्टला इतकी उष्णता सहसा सोसत नाही. काही मोजक्या घरांनी हे यीस्ट जपलं नसतं, तर कारखान्यांच्या जमान्यात ते कायमचं नाहीसं झालं असतं.

आता दक्षिण जर्मनीतला बव्हेरिया. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट गावी ड्यूक विल्हेल्म चौथा आणि त्याचा भाऊ लुडविग दहावा यांनी हुकूम काढला, की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. जर्मन बिअरच्या जाहिरातींत हा 'शुद्धतेचा कायदा' अभिमानाने मिरवला जातो. मूळ हुकूम वाचला तर त्यातला बराच भाग बिअरचा दर बांधून देण्याबद्दल आहे. बार्लीच का, याचं कारणही पोटापाण्याचं असल्याचं मानलं जातं: गहू पाववाल्यांसाठी राहावा. यीस्टचा उल्लेख नाही, कारण ते काय असतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मग बव्हेरियाची गव्हाची बिअर आली कुठून? राज्यकर्त्यांनी गव्हाची बिअर बनवण्याचा हक्क आधी एका सरदार घराण्याला दिला आणि १६०२ पासून तो स्वतःकडेच घेतला. प्रजेला मनाई असलेली बिअर राजघराण्याच्या तिजोरीत भरपूर पैसा आणत राहिली. १८७२ मध्ये, तिचा खप घसरलेला असताना, गेओर्ग श्नायडर याने ती बनवण्याचा हक्क राजाकडून मिळवला आणि हा प्रकार तगला. आज म्युनिकमध्ये सकाळी पांढऱ्या सॉसेजबरोबर गव्हाची बिअर पितात.

१५५३ मध्ये आणखी एक नियम आला: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायची नाही. उन्हाळ्यात बिअर नासायची आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. म्हणजे बनवायची ती फक्त थंडीत. थंडीत एल यीस्ट सुस्तावतं आणि गारठ्यात तग धरणारं यीस्ट वरचढ ठरतं. वसंतात बनवलेली बिअर उन्हाळाभर पुरवायची, तर ती थंड तळघरांत ठेवणं भाग. त्यांच्यावर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली गेली, त्यांचा पसारा मोठा आणि मुळं उथळ. लोक त्या सावलीत बसून तिथेच बिअर पिऊ लागले. गावातल्या खाणावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ मध्ये राजाने तोडगा काढला: तळघरवाल्यांनी बिअर विकावी, जेवण विकू नये. म्हणून बव्हेरियाच्या बिअरबागेत आजही घरून डबा आणून बसता येतं. सगळी कुटुंबं, आजीपासून नातवंडांपर्यंत, लांब बाकांवर एकत्र बसलेली दिसतात. मद्य आणि घर यांच्यामध्ये जी भिंत आपल्याकडे उभी आहे ती तिथे कधी बांधलीच गेली नाही, आणि त्यामागे एका भांडणावर काढलेला हा सरकारी तोडगाही आहे.

शेजारच्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, प्लझेन शहरात १८३८ साली नागरिकांनी बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. शहरात ज्यांना बिअर बनवायचा हक्क होता त्या लोकांनी मिळून नवा कारखाना काढला आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा तरुण ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारा, बोलावला. तिथे तीन गोष्टी जुळून आल्या. इंग्रजी पद्धतीच्या भट्टीत माल्ट फिका वाळवता यायला लागला होता. झाटेट्स परिसराचे हॉप्स सुगंधी आणि सौम्य होते. आणि प्लझेनचं पाणी कमालीचं मृदू, जवळजवळ क्षार नसलेलं, ज्यात हॉप्सचा कडूपणा बोचत नाही. ऑक्टोबर १८४२ मध्ये ग्रोलने पहिली बिअर बनवली. ती सोनेरी आणि पारदर्शक होती. प्लझेनवरून तिला पिल्सनर म्हणतात. याच काळात काचेचे ग्लास स्वस्त होत होते, त्यामुळे हा रंग लोकांना दिसलाही. मातीच्या किंवा कथलाच्या मगातून पिणाऱ्याला बिअर गढूळ आहे की निर्मळ, याची फारशी फिकीर नसते. काचेत ओतली की असते.

आज जगात विकली जाणारी बहुसंख्य बिअर ही या पिल्सनरची वंशज आहे. मात्र ग्रोलच्या गावचं कसब एकट्याने जग जिंकू शकलं नसतं. लागरला थंडी लागते आणि ती जगभर पोचवली कार्ल फॉन लिंडेच्या शीतयंत्राने, १८७० च्या दशकात. ती यंत्रं सुरुवातीला वापरणाऱ्यांत म्युनिकचा श्पाटेन कारखाना होता. त्यापाठोपाठ १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियान हान्सेनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट मिळवलं. कार्ल्सबर्गने ते स्वतःपुरतं न ठेवता इतर कारखान्यांना मोकळेपणाने दिलं. याचा दुसरा परिणाम असा, की शंभर गावांतल्या शंभर मिश्र यीस्टची जागा थोड्याशा शुद्ध वाणांनी घेतली. बिअर नासणं थांबलं आणि गावोगावची चवही सपाट झाली.

चेक लोक मात्र आपल्या लागरशी प्रामाणिक राहिले. दरडोई बिअर पिण्यात हा देश कित्येक वर्षं जगात पहिला आहे. तिथे ओतणाराही कारागीर मानला जातो. एकाच नळातून तो भरपूर दाट फेसाची, कमी फेसाची किंवा जवळजवळ नुसत्या फेसाची अशी वेगवेगळी बिअर देतो आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव असतं. फेस कमी म्हणजे फसवणूक झाली नाही, असा आपला हिशोब. तिथे ओला, दाट फेस हा बिअरचा मानाचा भाग आहे.

इंग्लंडची कहाणी पाण्यापासून सुरू करता येते. लंडनच्या पाण्यात कार्बोनेट जास्त, ते गडद माल्टशी जुळतं, आणि लंडनने १८ व्या शतकात जगाला दिली पोर्टर, म्हणजे हमाल-मजुरांची तपकिरी-काळी बिअर. ती इतक्या प्रचंड पिंपांत मुरवत, की १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या कारखान्यात एक पिंप फुटलं आणि बिअरच्या लोंढ्यात आठ जणांचा जीव गेला. त्यातल्या बहुतेकजणी बाया आणि लहान मुलं. आजूबाजूच्या दाट, गरीब वस्तीतले ते लोक होते. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या ड्रममध्ये माल्ट भाजायचं पेटंट घेतलं. त्यानंतर थोड्याशा काळ्या माल्टने हवा तो रंग आणता येऊ लागला आणि आजची काळी स्टाउट आकाराला आली.

लंडनपासून दूर, बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींचं पाणी जिप्समने भरलेलं. त्यात हॉप्सचा कडवटपणा खणखणीत आणि कोरडा लागतो, बिअर नितळ राहते. इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, याच पाण्यावर मोठी झाली. तिच्याबद्दल सांगितली जाणारी लोकप्रिय गोष्ट अशी, की भारताच्या प्रवासात बिअर नासायची म्हणून कुणीतरी खास जास्त हॉप्स आणि जास्त अल्कोहोलची नवी बिअर शोधली. त्याला पुरावा नाही. पोर्टरसुद्धा भारतात सुखरूप पोचत होती आणि गोऱ्या सैनिकांमध्ये ती खूप खपायची. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्याला एक सोय होती: ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे नांगर टाकायची तो धक्का जवळच होता. जहाजांचे कप्तान स्वतःच्या खात्यावर माल नेऊन मुंबई, मद्रास, कलकत्त्याला विकायचे आणि हॉजसन त्यांना उधारीवर बिअर द्यायचा. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार-सहा महिने डुचमळत आलेली ती फिकी, हॉप्सदार बिअर पिंपातच मुरून सुरेख झालेली असायची. १८२० च्या दशकात बर्टनचे कारखानदार या व्यापारात उतरले आणि त्यांच्या पाण्याने बाजी मारली. त्यांच्यापैकी बासचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमध्ये १ जानेवारी १८७६ ला नोंदवलेला पहिला ट्रेडमार्क.

म्हणजे मुंबईच्या बंदरात उतरलेल्या बिअरच्या नावात आपला देश आहे, पण ती प्यायले साहेब. इथल्या माणसाच्या जिभेला तिची ओळख झाली ती पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी, तीही अमेरिकेच्या वळणाने.

ब्रिटिश बिअर सौम्य का झाली, याचं उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. धान्य वाचवायचं, दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगार शुद्धीत ठेवायचा, म्हणून बिअर पातळ केली, कर वाढवला आणि पबच्या वेळा कापल्या. दुपारी पब बंद ठेवायचा तो युद्धकाळचा नियम इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकला. पातळ बिअरचीही सवय झाली. साडेतीन-चार टक्क्यांची बिटर, म्हणजे कडवट इंग्लिश एल, घेऊन तासन्‌तास गप्पा मारणारा पब ही संस्था त्यातून घट्ट झाली, आणि ती मला इंग्लंडच्या फार चांगल्या गोष्टींपैकी एक वाटते. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी पिंपात जिवंत यीस्टसह मुरणारी बिअर काढून गाळलेली, वायू भरलेली बिअर पबमध्ये आणली. १९७१ मध्ये चार मित्रांनी त्याविरुद्ध 'कॅमरा' ही ग्राहकांची चळवळ सुरू केली. सदस्यांची संख्या पुढे लाखावर गेली आणि जिवंत एल वाचली. अलीकडे मात्र पबच बंद पडताहेत, तेव्हा वाचवायचं काय हा प्रश्न पुन्हा उभा आहे.

बेल्जियमने बहुतेक नियम वेगळ्या वाटेने नेले. १९१९ मध्ये व्हँडरवेल्डे कायद्याने कॅफेमध्ये कडक दारू विकायला बंदी घातली. ज्यांना काहीतरी जोरकस हवं होतं त्यांच्यासाठी ८-९ टक्क्यांच्या बिअरना चांगले दिवस आले. ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मठांच्या बिअर, शिमे, वेस्टमाल, रोशफोर, याच काळात बहरल्या. ब्रसेल्सच्या भोवतीची लँबिक तर यीस्ट विकत घेतच नाही. हिवाळ्यातल्या रात्री गरम गोड पाणी छपराखाली उथळ हौदात ठेवतात, हवेतले जीवजंतू त्यात उतरतात आणि पुढे लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं ती आंबत राहते. वेगवेगळ्या वयाच्या लँबिक मिसळून केलेली ग्यूझ आंबट, कोरडी, किंचित जुन्या लाकडाच्या वासाची असते. पहिल्या घोटाला बिचकायला होतं. दुसऱ्या ग्लासापर्यंत धीर धरावा.

हूगार्डन गावची गव्हाची पांढरी बिअर १९५० च्या दशकात बंद पडली होती. गावातल्या पिअर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६० च्या दशकात ती आठवणीतून पुन्हा उभी केली. त्यात कच्चा गहू, वाळवलेली संत्र्याची साल आणि धणे. हो, आपल्या मसाल्याच्या डब्यातले धणे. या विटबिअरला पुढे भारतात चांगली जागा मिळाली, तिकडे येऊच.

अमेरिकेने बिअरचा नाश आणि पुनर्जन्म दोन्ही सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर पाहिलं. १९ व्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी तिथे लागर नेली. तिथल्या बार्लीत प्रथिनं जास्त, बिअर गढूळ व्हायची, म्हणून मका आणि तांदूळ मिसळले. १८७० च्या दशकात चार हजारांवर कारखाने होते. मग १९२० ते १९३३ दारूबंदी आली. ती उठेपर्यंत लहान कारखाने संपले होते, पुढे मोठ्यांनी उरलेल्यांना गिळलं आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस संख्या शंभराच्या खाली आली. सगळीकडे एकच फिकट, थंडगार बिअर.

बदल घडवला तो एका छोट्या कायद्याने. घरी वाइन बनवायला दारूबंदीनंतर परवानगी मिळाली होती, बिअरला नाही. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअर कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली. गॅरेजमध्ये शिकलेले लोक पुढे व्यवसायात उतरले. केन ग्रॉसमनने कॅलिफोर्नियात १९८० मध्ये सिएरा नेव्हाडा ही ब्रुअरी सुरू केली आणि पेल एलमध्ये कॅस्केड हॉप्स वापरले. हे वाण १९७२ मध्ये सरकारी संशोधनातून आलेलं, द्राक्षफळासारख्या वासाचं. इंग्लंडची आयपीए इथे नव्याने जन्मली, पपनस, आंबा, देवदाराच्या वासाची. नंतर व्हरमाँट राज्यातून गढूळ, मऊ, फळांच्या रसासारखी हेझी आयपीए आली. अमेरिकेत आता नऊ हजारांवर ब्रुअरी आहेत. मात्र भरती ओसरायला लागली आहे. जिच्यापासून अनेकांनी स्फूर्ती घेतली ती सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी २०२३ मध्ये बंद झाली. आणि ज्या चळवळीने एकसारखेपणाविरुद्ध सुरुवात केली तिच्यामुळे आज टोकियोपासून बार्सिलोनापर्यंत प्रत्येक नव्या ब्रुअरीच्या फळ्यावर तीच हेझी आयपीए दिसते. मला याचं वाईट वाटतं.

कर चव कशी घडवतो याचं सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणजे जपान. तिथे वर्षानुवर्षं माल्टचं प्रमाण जास्त तर कर जास्त असायचा. २०१८ पर्यंत ६७ टक्क्यांच्या खाली माल्ट असेल तर कायद्याने ती बिअरच नव्हती. १९९४ मध्ये सनटोरी कंपनीने त्या रेषेच्या खालचं पेय काढलं, बिअरसारखं पण स्वस्त. लोकांनी उचललं. सरकारने कर वाढवला, कंपन्यांनी माल्ट २५ टक्क्यांखाली नेला. पुन्हा कर वाढला, तेव्हा २००४ मध्ये सप्पोरोने माल्टच काढून टाकून वाटाण्याच्या प्रथिनांपासून पेय बनवलं. इतक्या बुद्धिमान रसायनशास्त्रज्ञांची वर्षं बिअर नसलेली बिअर बनवण्यात गेली. शेवटी २०२०, २०२३ आणि २०२६ अशा तीन टप्प्यांत हे सगळे दर एका पातळीवर आणायचं सरकारने ठरवलं. त्याच १९९४ मध्ये परवान्यासाठी लागणारं किमान वार्षिक उत्पादन २० लाख लिटरवरून ६० हजार लिटरवर आणलं होतं, त्यामुळे गावोगावी लहान ब्रुअरी निघाल्या. एकाच देशात, एकाच वर्षी, एका नियमाने बिअरची नक्कल जन्माला घातली आणि दुसऱ्याने अस्सल बिअर.

जर्मनीत बिअर पिणं १९७० च्या दशकापासून सतत घटत आहे. दरडोई सुमारे १५० लिटरवरून ते ९० लिटरच्या खाली आलं आहे. तिथे वाढतेय ती अल्कोहोलविरहित बिअर, आणि ती खरोखर चवदार असते.

आता आपल्याकडे. भारतात दारूवरचा कर राज्यांच्या हातात आहे आणि जीएसटीच्या बाहेर. बहुतेक राज्यांनी वर्षानुवर्षं बिअरकडे 'दारू' म्हणूनच पाहिलं, सौम्य पेय म्हणून नाही. बाटलीतल्या अल्कोहोलच्या प्रत्येक थेंबाचा हिशोब केला तर बिअर ही व्हिस्की-रमपेक्षा महाग पडते. मग ज्याला रोजच्या मजुरीतून शंभर-दोनशे रुपये काढायचे आहेत तो काय मागणार? परमिट रूममध्ये वेटर एवढंच विचारतो, स्ट्राँग की माइल्ड, आणि उत्तर बहुतेक वेळा स्ट्राँग. भारतात खपणाऱ्या बिअरचा फार मोठा हिस्सा ६ ते ८ टक्क्यांच्या स्ट्राँगचा आहे. भारतीयांना कडकच आवडते, असं म्हणून हा विषय झटकला जातो. मला ते पटत नाही. आवड अशी आभाळातून पडत नाही. बर्फगार करून भराभर पिण्याची आपली पद्धतसुद्धा त्याच हिशोबातून आली: गोडसर, जड स्ट्राँग बिअर कोमट झाली तर पिववत नाही.

पाण्याची बाजूही आपल्याकडे आहे, पण वेगळ्या अर्थाने. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज पट्ट्यात देशातल्या बड्या बिअर कंपन्यांचे कारखाने आहेत. एक लिटर बिअरमागे कारखान्याला कित्येक लिटर पाणी लागतं. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी जात असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली. पाणी आणून, क्षार काढून, हवं तसं बनवून घेणं आजच्या कारखान्याला जमतं. म्हणून वाळूजच्या बिअरला वाळूजची चव नाही. बर्टनची चव बर्टनच्या विहिरीत होती.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. जिथे बनते तिथेच ताजी, न गाळलेली बिअर मिळू लागली. मागोमाग पुण्या-मुंबईत आणखी ब्रुअरी आल्या, बंगळूरुमध्ये तर त्यांची रांगच लागली. या सगळ्या ठिकाणी भारतीय माणसाची पहिली पसंती ठरली गव्हाची बिअर. धणे आणि संत्र्याची साल घातलेली, कडवटपणा जेमतेम असलेली विटबिअर आपल्या जेवणाशी आपसूक जुळते. मिसळ, सुके बोंबील, कोळंबी, तिखट चकणा यांच्याबरोबर कडू आयपीए घेतली तर तिखट अधिक भडकतं, हे करून पाहावं. इथले ब्रूअर आता आंबा, कोकम, जांभूळ, नाचणी वापरून पाहताहेत. त्यातले काही प्रयोग फसतात, काही फार चांगले जमतात. मला त्यातला नाचणी-ज्वारीचा रस्ता सर्वांत आशेचा वाटतो, कारण फळाचा रस कुठल्याही बिअरमध्ये ओतता येतो, पण धान्य बदललं की बिअरचा पायाच बदलतो.

पण हे सगळं अजून मूठभर लोकांपुरतं आहे. मायक्रोब्रुअरीतल्या एका ग्लासाच्या पैशात बिअर शॉपीवर स्ट्राँगच्या दोन बाटल्या येतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये बिअरवरचं उत्पादनशुल्क कमी करता येईल का हे पाहण्यासाठी समिती नेमली होती. माझं मत स्पष्ट आहे: कर बाटलीवर किंवा किमतीवर न लावता तिच्यातल्या अल्कोहोलच्या प्रमाणावर लावावा आणि छोट्या उत्पादकाला बाटलीत भरून विकायचा परवाना परवडेल असा द्यावा. चार टक्क्यांची बिअर आठ टक्क्यांच्या बिअरच्या निम्म्या करात मिळाली, तर आपल्याकडची माणसं स्ट्राँगच मागतात की नाही, हे पाच वर्षांत दिसेल.